राखणीच्या कुत्र्याचे जुनाट विकार : आहार, घरगुती उपाय व त्यांची मर्यादा

मानवत परिसरांतील काळ्या रानांत कापूस, तूर, सोयाबीन आणि रब्बीची ज्वारी उभी असते, तेव्हां रात्रीं रानडुकरांपासून तिचें रक्षण करणारा पहिला पहारेकरी म्हणजे शेतकऱ्याचा कुत्रा होय. बैलाचा खांदा सुजला तर त्याच दिवशीं पशुवैद्यांस निरोप जातो. म्हैस आटली तर सारें घर चिंतेंत पडतें. परंतु कुत्र्याच्या अंगावरील केस गेले, त्याची खाज थांबेना, पोट वारंवार बिघडूं लागलें किंवा मागचे पाय लटपटूं लागले, तर ‘कुत्र्याचें असेंच चालायचें’ असें म्हणून दुर्लक्ष होतें. पुढें तो राखणीच्या उपयोगाचा राहत नाहीं आणि एके दिवशीं त्यास शिवाराबाहेर नेऊन सोडण्यांत येतें. महसूल खात्यांतील कारकुनीच्या निमित्तानें गांवोगांव जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां असे टाकून दिलेले, कातडीस चट्टे पडलेले कुत्रे पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडले. त्यांपैकीं कित्येकांचे विकार असे होते कीं, ते आरंभींच ओळखले असते तर घरच्या घरीं आटोक्यांत राहिले असते.

जुनाट विकार एका दिवसांत उत्पन्न होत नाहीं व एका औषधानें जातहि नाहीं. त्यास तीन गोष्टी लागतात : नेमकें अन्न, स्वच्छ जागा आणि लेखी नोंद. झाडपाल्याचें औषध हें या तिहींचें सहाय्यक आहे; त्यांच्या जागीं बसणारें नव्हे. हा मुद्दा ध्यानांत ठेवून पुढील विवेचन वाचावें, अशी शेतकरी बंधूंस विनंति आहे.

कुत्र्याची जात व त्याचें पचन

कुत्र्याकडे लक्ष देणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचविलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत कुत्र्यांविषयीं ‘सारमेयविनोद’ या नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. आपला मराठवाडाहि त्या चालुक्यांच्या राज्यांत मोडत असे.

कुत्रा मूळचा मांसाहारी कुळांतील प्राणी. परंतु हजारों वर्षें माणसाच्या उंबऱ्याशीं राहिल्यानें त्याचें पचन बदललें आहे. सन २०१३ मध्यें स्वीडनमधील संशोधकांनीं लांडगा व कुत्रा यांची आनुवंशिक तुलना केली. तींत पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ति कुत्र्यांत लांडग्यापेक्षां पुष्कळ वाढलेली आढळली. तेव्हां ज्वारीची भाकरी कुत्र्यास पचत नाहीं, हा समज खरा नाहीं. मात्र नुसत्या भाकरीवर त्याचें पोषण होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. पाण्यांत कुस्करलेली शिळी भाकरी वर्षानुवर्षें घातली म्हणजे केस राठ होतात, कातडी कोरडी पडते आणि मग खाज सुरू होते. त्या खाजेवर लेप शोधण्यापूर्वीं ताटली पाहावी.

रोजचें अन्न

पंधरा किलो वजनाच्या, रोज रानांत हिंडणाऱ्या निरोगी कुत्र्यास दिवसाचें अन्न साधारणपणें पुढीलप्रमाणें द्यावें : दीडशें ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, दोन उकडलेलीं अंडीं, मूठभर मुगाचें किंवा तुरीचें बिनफोडणीचें शिजलेलें वरण, थोडा उकडलेला लाल भोपळा अथवा दुधी आणि एक चमचा तेल. हें दोन वेळां विभागून घालावें. ज्या घरांत अंडें चालत नाहीं, तेथें दही किंवा ताजें पनीर द्यावें. दुधानें पोट ढिलें होत असेल तर दूध बंद करावें. अंड्याचें कवच धुवून, वाळवून, अगदीं बारीक पूड करून त्यांतील अर्धा चमचा रोज अन्नांत मिसळल्यास चुन्याच्या अंशाची उणीव भरून निघते. पिलें, गाभण कुत्री आणि मूत्रपिंडाचा रोगी यांस हें प्रमाण लागू नाहीं. त्यांचें अन्न पशुवैद्यांस विचारून ठरवावें. अन्नांत बदल करावयाचा तो एकदम न करितां आठवडाभरांत हळूहळू करावा.

बैलाचें अन्न, कुत्र्याचें विष

आपल्या भागांत कापसाचा व्यापार मोठा. म्हणून गोठ्यांत सरकी व सरकीची पेंड असतेच. कोणी काटकसरीनें पेंडीचा चुरा कुत्र्याच्या पिठांत मिसळतात. ही चाल घातक आहे. सरकींत गॉसिपॉल नांवाचें पिवळें द्रव्य असतें. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटांत तें बऱ्याच अंशीं बांधलें जाऊन निकामी होतें. कुत्र्याच्या पोटांत तशी सोय नाहीं. तें अंगांत सांचत जातें, हृदयास इजा करितें, आणि कांहीं आठवड्यांनीं धाप लागणें, अशक्तपणा, पोटांत पाणी होणें अशीं लक्षणें दिसूं लागतात. घरचे लोक तें म्हातारपण समजतात. एरंडीची पेंड तर याहून भयंकर. खत म्हणून ती झाडांच्या आळ्यांत घातली म्हणजे कुत्रा वास घेऊन ती उकरून खातो व दोन-तीन दिवसांत दगावूं शकतो. ती मातीखालीं नीट पुरावी आणि पोतें बंद खोलींत ठेवावें.

स्वयंपाकघरांतील कांदा व लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्यानें हा दोष जात नाहीं. म्हणून कालवणाचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतूं नये. द्राक्षें व मनुका यांनीं मूत्रपिंडें निकामी होतात. चॉकलेट व चहाचा चोथा हेहि वर्ज्य. शिजवलेलीं हाडें ठिसूळ होऊन फुटतात व त्यांचे अणकुचीदार तुकडे आंतड्यांत रुततात. लग्नकार्यानंतर हाडांचें पातेलें कुत्र्यापुढें ओतणें ही दया नव्हे.

खाज आणि गोचीड

खाजेचीं कारणें अनेक : गोचीड, पिसवा, खरुजेचे सूक्ष्म किडे, बुरशी आणि क्वचित् एखाद्या अन्नाचें वावडें. कारण निरनिराळें म्हणून उपायहि निरनिराळा. गोचिडांसाठीं मूठ-दोन मुठी कडुलिंबाचा पाला तीन-चार लिटर पाण्यांत उकळून, गाळून, कोमट झाल्यावर आठवड्यांतून एक-दोन वेळां त्यानें अंग धुवावें. त्यानें कातडीस आराम पडतो. परंतु सर्व गोचिडें मरतील अशी अपेक्षा धरूं नये. करंजाचें तेल वापरणें झाल्यास खोबरेल तेलांत पातळ करून आधीं लहानशा जागेवर लावून पाहावें, आणि कुत्रा तें चाटणार नाहीं अशी व्यवस्था करावी. निंबोणीचें तेल पोटांत कधींहि देऊं नये.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. कपाशीवर फवारण्याचें औषध, जळकें इंजिन ऑइल किंवा रॉकेल कुत्र्याच्या अंगास लावण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे. ही रीत बंद व्हावयास पाहिजे. कीटकनाशक कातडींतूनहि शरीरांत शिरतें. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले, हें आपण विसरलों नाहीं. जें माणसास मारतें तें दिवसभर अंग चाटणाऱ्या प्राण्यास सोडील कसें?

गोचिडाची मादी रक्त पिऊन कुत्र्याच्या अंगावरून खालीं पडते व भिंतीच्या फटींत हजारों अंडीं घालते. म्हणून नुसता कुत्रा धुवून भागत नाहीं. तो निजतो ती जागा झाडावी, जुनें पोतें जाळावें, फटी बुजवून भिंतीस चुना द्यावा. गोचिडांपासून कुत्र्यांस एक जुनाट तापहि येतो. हिरड्या पांढुरक्या पडणें, नाकांतून रक्त येणें, अन्नावरची वासना उडणें हीं त्याचीं लक्षणें होत. त्यावर कोणताहि काढा चालत नाहीं. रक्त तपासून पशुवैद्यांचें औषध पुरे दिवस दिलें पाहिजे.

जंत : येथें घरच्या मुलांचा प्रश्न आहे

पिलांस जंत आईच्या पोटांतच, आणि पुढें दुधांतूनहि मिळतात. पळसपापडी व वावडिंग हीं जुनीं जंतनाशकें वैद्यकांत प्रसिद्ध आहेत. परंतु कुत्र्यासाठीं त्यांचें प्रमाण चुकण्याचा धोका आहे, आणि सर्व जातींच्या जंतांवर त्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं. दवाखान्यांतील गोळी वजनानुसार द्यावी. पिलांस दुसऱ्या आठवड्यापासून वरचेवर, मोठ्या कुत्र्यास साधारणपणें दर तीन महिन्यांनीं. या जंतांचीं अंडीं मातींत फार दिवस टिकतात व अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे त्यांच्या पोटांत जातात.

याहून गंभीर प्रकार म्हणजे शेळ्या-मेंढ्या कापल्यावर त्यांचीं कच्चीं फुप्फुसें व काळीज कुत्र्यास टाकणें. त्यांत कधीं पाण्यानें भरलेल्या गांठी असतात. त्या खाल्ल्यानें कुत्र्याच्या आंतड्यांत लहान फीतजंत वाढतात, त्यांचीं अंडीं विष्ठेंतून बाहेर पडतात, आणि तीं माणसाच्या पोटांत गेलीं म्हणजे त्याच्या यकृतांत किंवा फुप्फुसांत तशाच गांठी होतात. कुत्र्याचें अन्न शिजवून घालण्याचें हें सर्वांत मोठें कारण होय.

पोट, सांधे आणि म्हातारपण

साधें पोट बिघडल्यास मोठ्या कुत्र्यास एक-दोन दिवस मऊ भात, थोडें दही किंवा उकडलेलें अंडें आणि भोपळा द्यावा. पाणी सदैव ठेवावें. रक्त पडत असेल, ओकारी थांबत नसेल किंवा पिलूं असेल तर वाट न पाहतां दवाखाना गांठावा.

सांधेदुखीवर तिळाच्या कोमट तेलाचें मर्दन व थंडींत कोरडें अंथरूण हे चांगले उपाय आहेत. अन्नांत चिमूटभर हळद घालण्यास हरकत नाहीं, पण तिच्यावर फार विसंबूं नये. खरा उपाय वजन कमी राखणें हा आहे. सन २००२ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत लॅब्रॅडोर जातीच्या ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडींतील एकास दुसऱ्यापेक्षां चतुर्थांश अन्न कमी दिलें. कमी खाणारे कुत्रे सुमारें १३ वर्षें व भरपूर खाणारे सुमारें ११ वर्षें जगले. सांध्यांचा विकारहि पहिल्यांस उशिरां जडला. फासळ्या हातास लागाव्यात, पण दुरून मोजतां येऊं नयेत, ही बेताच्या वजनाची खूण समजावी. दुखण्यावर माणसांच्या गोळ्या, विशेषतः डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन व पॅरासिटॅमॉल, देऊं नयेत. त्यांनीं जठरास, मूत्रपिंडांस किंवा यकृतास इजा होऊन कुत्रा दगावण्याचा संभव असतो.

म्हातारा कुत्रा फार पाणी पिऊं लागला, वारंवार मुतूं लागला, वाळत चालला आणि तोंडास दुर्गंधि येऊं लागली, तर मूत्रपिंडें थकलीं असण्याचा संभव आहे. अशा वेळीं पापड, लोणचें, खारें कालवण व हाडें तत्काळ बंद करावीं, उन्हाळ्यांत दोन-तीन ठिकाणीं सावलींत पाणी ठेवावें, आणि रक्ताची तपासणी करून पुढील आहार ठरवावा. या विकारांत आहाराचें महत्त्व औषधाइतकेंच आहे.

नोंदवही व मर्यादा

आपण जमिनीचा सात-बारा ठेवतों, पीकपाहणी लिहितों. मग जो त्या पिकाची राखण करितो त्याच्या नांवें वहीचें एक पान असण्यास काय हरकत आहे? त्यावर तारीख, वजन, काय खाल्लें, शौचास कसें झालें, खाज कमी कीं अधिक, जंताची गोळी केव्हां दिली व लस केव्हां टोंचली, एवढें लिहावें. एका वेळीं एकच बदल करावा. अन्नाचें वावडें असल्याचा संशय आल्यास तो पदार्थ निदान आठ आठवडे पूर्णपणें वगळून पाहावें. चार दिवसांत निकाल लागत नाहीं. वही नसेल तर कोणत्या उपायानें गुण आला हें कधींच कळत नाहीं, आणि शेवटचें औषध देणारा श्रेय घेऊन जातो.

आहार व झाडपाला यांच्या आटोक्याबाहेरचा एक रोग आहे, तो म्हणजे पिसाळणें. लक्षणें दिसूं लागल्यावर त्यास औषध नाहीं, कुत्र्यास नाहीं व माणसासहि नाहीं. त्यास प्रतिबंधक लस मात्र खात्रीची आहे व ती दर वर्षीं टोंचून घ्यावी. कुत्रा चावल्यास जखमेवर मिरची, चुना किंवा पाला न बांधतां ती साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस घ्यावी.

दवाखाना आपणांस दूर नाहीं. परभणी येथें सन १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बैल दाखविण्यास जातांना त्याच गाडींत कुत्र्यासहि न्यावें व वहीचें पान बरोबर असूं द्यावें; त्या पानावरून पशुवैद्यांस जें कळेल तें मुक्या जनावराकडून कळणार नाहीं. ज्यानें दहा वर्षें आपली ज्वारी राखली, त्याचें अखेरचें वर्ष-दोन वर्षें सुखाचें करण्यास दोन भाकरी, स्वच्छ जागा आणि थोडी शिस्त याहून अधिक कांहीं लागत नाहीं.