सुधा आणि अंडीं

संस्कृतांत ‘सुधा’ शब्दाचे अमृत व चुना असे दोन्ही अर्थ आहेत. ‘सौध’ हा शब्द दुसऱ्या अर्थावरून निघाला. छत्रपती संभाजीनगरांत सन १६६० च्या सुमारास उभारलेल्या बीबी-का-मकबऱ्याची शोभा बव्हंशीं चुन्याच्या गिलाव्याचीच आहे. तोच चुना घरच्या कोंबड्यांचीं जास्तीचीं अंडीं टिकविण्यास कसा उपयोगीं पडे, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अंड्याच्या कवचास हजारों सूक्ष्म छिद्रें असून त्यांवर नैसर्गिक पापुद्रा असतो. धुतल्यानें तो जातो. म्हणून ताजीं, स्वच्छ, न धुतलेलीं व न तडकलेलीं अंडींच घेत. विरविलेल्या चुन्याच्या निवळींत तीं पूर्ण बुडवून, मडकें झांकून थंड जागीं ठेवीत. चुन्याचा कर्बाम्ल वायूशीं संयोग होऊन छिद्रें बुजतात. निवळीच्या तीव्र क्षारतेंत जंतूही वाढत नाहींत. अशीं अंडीं कित्येक महिने टिकत.

फलित अंडीं मात्र वर्ज्य. येथील ४० अंशांच्या उन्हाळ्यांत त्यांतील गर्भ वाढूं लागतो. शिवाय आंत आधींच शिरलेला रोगजंतु चुन्यानें मरत नाहीं. यास्तव आजचे आरोग्यशास्त्र ही रीत निर्धोक मानीत नाहीं. पाण्यांत तरंगणें हें जुनेपणाचें लक्षण खरें, पण बुडणें हें निर्दोषतेचें प्रमाण नव्हे. सुधा कवच राखते. आंतील दोषावर ती अमृत नव्हे, हें विसरूं नये.