मूत्राशयाचे इरले

भात लावणीच्या दिवसांत महाड-पोलादपूरच्या खाचरांत बायका सकाळी उतरतात, त्या दुपारीच बांधावर येतात. आडोसा नसतो. मग पाणी कमी प्यायचे आणि लघवी रोखून धरायची, ही सवयच होते. त्यामुळे ‘उन्हाळी लागली’ ही तक्रार ऐन पावसाळ्यातही ऐकू येते. लघवी रोखल्याने नेमके काय बिघडते?

मूत्राशयाला आतून पेशींच्या थरांचे अस्तर असते. सर्वांत वरच्या पेशी मोठ्या. एकेक पेशी खालच्या अनेक पेशींवर इरल्यासारखी पसरलेली असते, म्हणून त्यांना ‘छत्री पेशी’ म्हणतात. त्यांच्या पटलावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांचे षटकोनी कण फरशीसारखे घट्ट बसवलेले असतात. एक कण जेमतेम १६ नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे काही हजार कण मावतील. या फरशीमुळे लघवीतील टाकाऊ द्रव्ये पुन्हा शरीरात झिरपत नाहीत.

पण फरशी ताणत नाही. मग मूत्राशयात ४००-५०० मिलिलिटर लघवी मावते कशी? जादा पटल पेशीच्या आतच सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. मूत्राशय भरू लागले की ते पृष्ठभागाला जोडले जाते, रिकामे झाले की पुन्हा आत घेतले जाते.

लघवीचा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा आतड्यातील ई-कोलाय जंतूंमुळे होतो. या जंतूंच्या अंगावरील तंतूंची टोके नेमकी युरोप्लाकिनवरच्या शर्करेला चिकटतात. वेळेवर लघवी केली तर न चिकटलेले जंतू वाहून जातात. रोखून धरली तर त्यांना वाढायला सवड मिळते. काही जंतू पेशीच्या आत शिरतात. शरीर अशा पेशी गळून टाकते, पण त्यामुळे खालचा कोवळा थर उघडा पडतो. उंदरांवरील प्रयोगांत काही जंतू या थरात दडून राहिल्याचे दिसले आहे. म्हणूनच जळजळ थांबली तरी डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नये आणि मेडिकलमधून दोन गोळ्या आणून भागवू नये.

शेतावर जाताना पाण्याची बाटली न्यावी, तीन-चार तासांनी लघवीला जावे. बांधावर ताडपत्रीचा आडोसा उभारणे घरातल्या पुरुषांना सहज जमण्यासारखे आहे. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणे किंवा लघवीतून रक्त दिसल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रिया आणि मधुमेहींनी तर साधी जळजळही अंगावर काढू नये.