सिस्टीम सगळे वापरतात, म्हणजे ती सोपी आहे का? बारामती-इंदापूरच्या उदाहरणातून ‘वापरकर्ता अनुभव’

समजा तुम्ही पीएच.डी.साठी असा विषय घेतलात: ‘बारामती व इंदापूर तालुक्यांतील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील डिजिटल कर्मचारी प्रणालींचा वापरकर्ता अनुभव’. विषय चांगला आहे. पण प्रश्नावली छापायला टाकण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. नाहीतर फॉर्म भरून येतात, तक्तेही होतात, पण निष्कर्ष काही निघत नाही.

१) कर्मचारी नक्की कोणाचा?

एकाच तालुक्यात ग्रामपंचायत १९५८ च्या कायद्याने चालते, जिल्हा परिषद व पंचायत समिती १९६१ च्या आणि नगरपरिषद १९६५ च्या. प्रत्येकाची आस्थापना वेगळी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार ‘शालार्थ’मधून निघतो, तर राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘सेवार्थ’ आहे. त्यामुळे ‘तुमची डिजिटल प्रणाली कशी वाटते?’ असा एकच प्रश्न सगळ्यांना विचारला, तर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळीच स्क्रीन असते. आधी एक प्रणाली निवडा.

दुसरा मुद्दा तुलनेचा. दोन्ही तालुक्यांची जिल्हा परिषद एकच, पुणे. दोन्हीकडचे शिक्षक त्याच ‘शालार्थ’मध्ये आहेत. मग दोन तालुक्यांत फरक दिसलाच, तर तो सॉफ्टवेअरचा कसा म्हणणार? कारण नेटवर्क, प्रशिक्षण किंवा एका लिपिकाकडे किती जणांचं काम आहे, यांत शोधावं लागेल. त्यासाठीचे प्रश्न प्रश्नावलीत आधीपासून हवेत.

२) ‘युजर’ कोण?

आम्ही सायन्सवाले लॉगिन करतो तोच युजर असं धरून चालतो. कार्यालयात तसं नसतं. माहिती एकजण भरतो, मंजुरी दुसरा देतो आणि परिणाम तिसऱ्याच्या पगारावर होतो. हा तिसरा माणूस कदाचित ती स्क्रीन कधी उघडतही नसेल.

नियुक्तीच्या तारखेचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुन्या पेन्शनऐवजी अंशदायी योजना लागू झाली. म्हणजे या दिवसाच्या आसपास रुजू झालेल्या कर्मचाऱ्याची तारीख भरताना चूक झाली, तर रेकॉर्डवर त्याची योजनाच बदलू शकते. भरणाऱ्यासाठी तो स्क्रीनवरचा एक रकाना, ज्याची तारीख त्याच्यासाठी म्हातारपणाची सोय. दोघांचा ‘अनुभव’ एका सरासरीत घालू नका. दोन गट करा आणि दोघांना वेगळे प्रश्न विचारा.

३) मोजायचं काय?

बहुतेकजण फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल घेतात. त्याचं म्हणणं साधं आहे: वस्तू उपयोगाची वाटली आणि वापरायला सोपी वाटली, की माणूस ती वापरतो. पण पगाराचं बिल ज्या प्रणालीतूनच जातं, ती न वापरण्याचा पर्याय असतो कुठे? तिथे ‘वापर’ शंभर टक्केच दिसणार. वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या मॉडेलमध्ये ‘वापर ऐच्छिक आहे का’ हा घटक म्हणूनच घेतला. सक्तीच्या ठिकाणी वापराला पसंतीचा पुरावा मानू नका.

मग सिस्टीम युजेबिलिटी स्केल घेऊ का? जरूर घ्या. जॉन ब्रूक यांची ही दहा विधानांची मापपट्टी, प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाची विधानं प्रणालीच्या बाजूची, सम क्रमांकाची विरोधातली. विषम विधानाच्या गुणांतून १ वजा करायचा, सम विधानाचे गुण ५ मधून वजा करायचे, बेरजेला २.५ ने गुणायचं. उत्तर ० ते १०० मध्ये येतं, पण ते टक्के नव्हेत.

आता एक गंमत बघा. सगळीकडे ‘३’ वर खूण करणाऱ्याचे गुण ५० येतात. साहेबांसमोर बसून, न वाचता सगळीकडे ‘५’ करणाऱ्याचेही ५०च! म्हणून बेरजेआधी एकेक फॉर्म डोळ्यांखालून घाला. सम-विषम दोन्हींना ‘पूर्ण सहमत’ म्हणणारा फॉर्म प्रणालीबद्दल काही सांगत नाही. फार तर तो कोणत्या परिस्थितीत भरला गेला, ते सांगतो.

मग करायचं काय?

आयएसओ ९२४१-११ हे मानक उपयोगसुलभतेच्या तीन बाजू सांगतं: काम पूर्ण होतं का, त्याला किती वेळ-श्रम लागतात आणि माणूस समाधानी आहे का. प्रश्नावली बहुतेक वेळा तिसऱ्यावरच अडकते. पहिल्या दोन बाजूंसाठी एक ठरावीक काम घ्या, उदा. बँक खात्यातला बदल नोंदवणं. अर्ज दिल्यापासून दुरुस्ती दिसेपर्यंत किती दिवस गेले, किती फेऱ्या झाल्या, किती रजा टाकाव्या लागल्या, हे विचारा. उजनीच्या काठावरच्या गावातून इंदापूरला एक फेरी मारायची तर अर्धा दिवस सहज जातो. सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये तो कुठेच उमटत नाही.

परवानगी गटविकास अधिकारी किंवा मुख्याधिकाऱ्यांकडून रीतसर घ्या, पण फॉर्म त्यांच्या हातून वाटू नका. कोणाचाही पासवर्ड किंवा आधार क्रमांक दिसणारा स्क्रीनशॉट घेऊ नका. आणि गाईडसमोर जाण्याआधी एका वाक्यात लिहून काढा: कोणती प्रणाली, कोणता युजर, कोणतं काम. हे वाक्य जमलं, की प्रश्नावली करायला घ्या.