टेबल कोणाला मिळते?

समजा नाशिकच्या इंदिरानगरातील एखादी मुलगी एम.एससी. झाली आणि पुढे चारपाच वर्षे खपून पीएच.डी.ही झाली. ती आता शास्त्रज्ञ झाली का? तुम्ही म्हणाल, झालीच की! पण स्वतःची प्रयोगशाळा मिळण्यापूर्वी बहुतेक संशोधकांना आणखी दोनतीन वर्षे दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत काम करावे लागते. याला 'पोस्ट-डॉक्टरेट' संशोधन म्हणतात. ही एक प्रकारची उमेदवारीच.

गंमत अशी की, ही जागा पुष्कळदा परीक्षेतल्या गुणांवर मिळत नाही. जागा कुठे रिकामी आहे हे वेळेवर कळावे लागते, कोणाचे तरी शिफारसपत्र लागते. मोठ्या संस्थेतल्या विद्यार्थ्याला ही बातमी चहा पिताना सहज कळते. लहान गावच्या महाविद्यालयातून आलेल्याला ती कोण सांगणार?

प्रयोगशाळेच्या दारावरची ही अडचण जुनी आहे. १९३३ साली कमला भागवत (पुढे डॉ. कमला सोहोनी) मुंबईत बी.एससी. झाल्या. त्यांचे वडील व काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, कारण अर्जदार स्त्री होती! कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारीत ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. कामाबद्दल संचालकांचे समाधान झाले, तरच ते मान्य होणार. शिवाय, तिच्या असण्याने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! ही शेवटची अट कोणत्या उपकरणाने मोजायची होती, कोण जाणे. श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले, रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

नंतर त्या केंब्रिजला हॉपकिन्स यांच्याकडे गेल्या. तिथे एकही टेबल रिकामे नव्हते. तेव्हा डॉ. रिश्टर यांनी आपले टेबल त्यांना दिवसा वापरायला दिले आणि स्वतः रात्री काम केले, असे सांगतात. पुढे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना दिसले की, वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम-सी' असते. श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे हे प्रथिन. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता. त्यावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

पाहा, बुद्धी तीच, माणूस तेच. एका ठिकाणी ठाण मांडावे लागले, दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी स्वतःची झोप मोडली. पण प्रत्येक वेळी असा रिश्टर कुठून आणायचा? म्हणून नियम लागतात. संसारासाठी संशोधन थांबवावे लागलेल्या स्त्रियांना परत येता यावे, म्हणून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२ साली खास योजना काढली. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्तीतही ३५ वर्षांच्या वयोमर्यादेत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अपंग उमेदवारांना ५ वर्षांची सवलत ठेवली गेली.

तरीही एक गाठ सुटलेली नाही. या अधिछात्रवृत्तीच्या अर्जासोबत मार्गदर्शकाची संमती जोडावी लागते आणि तो मार्गदर्शक उमेदवारानेच शोधायचा असतो. इंदिरानगरच्या आपल्या मुलीला अनोळखी प्राध्यापकांना एकामागून एक पत्रे पाठवावी लागतील. त्यांपैकी किती जण ती वाचतील, हे अजून तरी त्या प्राध्यापकांच्याच मर्जीवर आहे.