सहलीची बस आणि घरचं वीजबिल

दोस्तांनो, मोबाइलवर तुम्ही व्हिडिओ लावता, तेव्हा तो येतो कुठून, सांगा पाहू? आकाशातून? छे! तो येतो एका इमारतीतून. तिला म्हणतात डेटा सेंटर. तिथे कपाटांत हजारो संगणक ओळीने मांडलेले असतात. तुमचे फोटो, आईने मोबाइलवरून दिलेले भाजीचे पैसे, रेल्वेचं आरक्षण, इतकंच काय, एआयला गुपचूप विचारलेलं गणितसुद्धा अशाच संगणकांमधून फिरून येतं. हे संगणक रात्रंदिवस चालू! चालले की तापणार, म्हणून त्यांना गार ठेवणारी यंत्रंही रात्रंदिवस चालू. म्हणजे वीज आलीच की!

समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. म्हणून मुंबई आणि नवी मुंबईत डेटा सेंटरं मोठ्या संख्येने उभी राहिली. २०२० साली पनवेललाही योट्टा कंपनीचं एक मोठं डेटा सेंटर सुरू झालं. पनवेल म्हणजे कर्जत-खालापूरच्या अगदी शेजारचा तालुका! मग या शेजाऱ्याच्या भुकेचा आपल्या घरच्या वीजबिलाशी काही संबंध आहे का?

किती वीज लागते?

चला, थोडं गणित करू. १००० वॉटचं यंत्र तासभर चाललं की १ युनिट वीज लागते. १ मेगावॉट म्हणजे दहा लाख वॉट. म्हणजे तासाला १००० युनिट, दिवसाला २४,००० आणि तीस दिवसांत ७,२०,००० युनिट. एका घराला महिन्याला १०० युनिट लागतात असं धरा. मग एका मेगावॉटवर ७,२०० घरं चालतील! आणि मोठ्या डेटा सेंटरला असे कितीतरी मेगावॉट लागतात, बरं का. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून जास्त होईल, असा तिचा अंदाज आहे.

डोंगरातली वीज मुंबईला

मुंबईची भूक भागवणं कर्जत-खालापूरला नवं नाही. लोणावळ्याच्या बाजूला तलावांत साठवलेलं पाणी घाटावरून नळांतून खाली सोडायचं आणि त्याच्या जोरावर चक्रं फिरवायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. त्यांच्या मृत्यूनंतर, १९१५ मध्ये खोपोलीचं पॉवर हाऊस सुरू झालं. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं झालं. ही वीज गेली मुंबईच्या कापड गिरण्यांना. याच मालिकेतल्या पुढच्या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या, म्हणून १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. वीज एकाला मिळते आणि तिची किंमत दुसराच मोजतो, असंही होतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता सहलीला चला

समजा, तुमच्या वर्गातली ४० मुलं माथेरानच्या सहलीला निघाली. नेरळपर्यंत ५० जणांची बस ठरली, भाडं १०,००० रुपये. प्रत्येकी किती? २५०. तेवढ्यात दुसऱ्या वर्गातली १० मुलं आली. बस तीच, वर्गणी झाली २००. सगळे खूश!

पण १० ऐवजी २० आली तर? एक बस पुरणार नाही. दोन बस, २०,००० रुपये, मुलं ६०. वर्गणी ३३३! आणि दुसरी बस ठरवल्यावर ती वीस मुलं आलीच नाहीत तर? तुमच्या ४० जणांना ५०० रुपये पडतील.

विजेचंही असंच आहे. इथली बस म्हणजे वीजघरं, सबस्टेशनं, तारा. आहे त्यात नवा ग्राहक सामावला, तर खर्च जास्त जणांत वाटला जातो. त्याच्यासाठी सगळं नवं उभारावं लागलं, तर प्रश्न एकच: दुसऱ्या बसचे पैसे कुणी द्यायचे?

अमेरिकेत हा प्रश्न फार मोठा झाला आहे. तिथे १३ राज्यांना जोडणारं विजेचं एक जाळं आहे. 'गरज लागेल तेव्हा वीज द्यायला तयार राहा' म्हणून वीजघरांना आधीच पैसे दिले जातात. २०२४ च्या लिलावात हा दर एका मेगावॉटला रोजच्या २९ डॉलरवरून एकदम २७० डॉलरच्या घरात गेला. डेटा सेंटरांची मागणी हे त्याचं एक मोठं कारण होतं. २०२५ च्या जूनपासून त्याचा भार घरगुती बिलांवर आला. मग ओहायो राज्याच्या आयोगाने २०२५ मध्ये तिथल्या एका मोठ्या वीज कंपनीसाठी नियम केला. नव्या मोठ्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली, तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचेच, वापरो वा न वापरो! म्हणजे बस सांगितलीत ना, मग भाडं द्या.

आपल्याकडे काय?

कर्जत-खालापूरला आणि नवी मुंबईच्या बऱ्याच भागाला वीज देते महावितरण. दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. आपल्याकडे कारखान्यांसारखे मोठे ग्राहक चढा दर देतात आणि त्यातून छोट्या घरांचा दर खाली राखायला मदत होते. तेव्हा मोठा ग्राहक म्हणजे संकटच, असं नाही. तो आपला वाटा भरतो की नाही, हे महत्त्वाचं.

आणखी एक गंमत. डेटा सेंटर रात्रीही जागं, पण सूर्य मावळलेला! म्हणून दिवसा जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि हवं तेव्हा खाली सोडून वीज करायची. भिवपुरीला असा १००० मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा करार टाटा पॉवरने राज्य सरकारशी ऑगस्ट २०२३ मध्ये केला. जुन्या पॉवर हाऊसच्या गावात नवं काम!

आता घरचं बिल उघडा आणि आई-बाबांना शेजारी बसवा. 'स्थिर आकार' आणि 'वहन आकार' शोधा. व्यवस्था उभी ठेवण्याचा आणि वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च तिथे दिसतो. कोळसा किंवा विकत घेतलेली वीज महागली, की 'इंधन समायोजन आकार' वाढतो. तीन महिन्यांची बिलं शेजारी ठेवून ताडून पाहा.

आणि हो, दर ठरवण्याआधी आयोग लोकांच्या हरकती आणि सूचना मागवतो, जनसुनावणी घेतो. तिथे कुणीही ग्राहक लिहू शकतो. दुसऱ्या बसचं भाडं कोण देणार, हे विचारायची ती जागा. पुढची सुनावणी आली, की आई-बाबांना आठवण करून द्याल ना?