वय 26, नाव नाही

लंडन

“नावच ठाऊक नाही, म्हणजे चित्र कुठल्या तरी कोपऱ्यात टांगलेलं असणार,” असं पेणच्या रामवाडीहून भाऊ फोनवर म्हणाला. तसं मुळीच नाही. मँचेस्टर स्क्वेअरच्या वॉलेस कलेक्शनमध्ये हा गृहस्थ सगळ्यांचा लाडका आहे, आणि त्याला बघायला तिकीटही लागत नाही. हार्लेमच्या फ्रान्स हाल्सनं तो 1624 साली रंगवला. आपल्याकडे भातवडीची लढाई झाली, तेच साल. 1865 मध्ये पॅरिसच्या लिलावात लॉर्ड हर्टफर्डनं रॉथशिल्डवर मात करून 51,000 फ्रँकला तो घेतला. ‘लाफिंग कॅव्हेलियर’ हे नाव लोकांनी फार मागाहून दिलं. खरं तर तो धड हसतही नाही. वरच्या कोपऱ्यात लॅटिनमध्ये एवढंच लिहिलंय: वय 26, साल 1624.

मी त्याच्या बाहीपुढेच अर्धा तास उभा होतो. मधमाश्या, बाण, ज्वाळा, प्रेमाच्या गाठी असं भरगच्च भरतकाम. जवळ गेलं की नुसते कुंचल्याचे फटकारे, चार पावलं मागे आलं की जर चमकते. माणूस हरवला, पण फटकारे कोणाचे हे चारशे वर्षांनंतरही ठाऊक आहे. याचा मला हेवा वाटतो.

कारण आपल्या पेणमध्ये नेमकं उलटं आहे. गणपती कोण हे पोरालाही कळतं. त्याचे डोळे कोणी आखले हे कोणी विचारत नाही. हमरापूर, जोहे, पेण शहर, मूर्तींच्या कुठल्याही कारखान्यात जा. साचा, शाडू, रंग, सगळ्याची चौकशी होते. आखणी करणारा हात भिंतीकडे तोंड करून श्वास रोखून बसलेला असतो.

गेल्या गणपतीत इथल्या एका मराठी घरी आरतीला गेलो. “मूर्ती पेणची आहे हं,” यजमान अभिमानानं म्हणाले. कोणाच्या हातची, हे त्यांना सांगता येईना. डोळे मला ओळखीचे वाटले, म्हणून रामवाडीच्या, आखणी करणाऱ्या शेजारच्या काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी चष्मा पुसला, फोन नाकाशी नेला. “माझी नाही. माझी भुवई इतकी उतरत नाही. पण हात चांगला आहे, जोह्याकडचा असेल.” आरती थांबली होती, तरी ते बुबुळावरच्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल बोलत राहिले.

“काका, नाव का नाही घालत?” मी विचारलं.

“बाप्पावर? आणि पाण्यातच जायचंय ना.”

मला हे पटत नाही. मूर्ती विरघळते, हात तर पुढच्या वर्षी पुन्हा बसतो. मेमध्ये घरी गेलो तेव्हा मी हट्टच धरला. त्यांनी एक शाडूची मूर्ती उपडी केली, पेन्सिल घेतली, बराच वेळ थांबले, आणि तळाशी लिहिलं: साल, आणि 12 इंच.