पडद्यावरचा मस्टँग

जमीन न सोडता विमान चालविण्यास शिकावे ही कल्पना काही नवी नव्हे. अमेरिकेतील एडविन लिंक ह्याने वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यातील भाते वापरून १९२९ साली एक सराव-यंत्र तयार केले होते. शिकाऊ वैमानिक त्यात बसून दांडा हलवी आणि भात्यांतील हवेच्या बळावर ती पेटी त्या त्या बाजूस कले. भात्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे. नेव्हाडातील रीनो येथे १९६४ साली सुरू झालेल्या हवाई शर्यती २०२१ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये अवतरल्या. रीनोच्या माळावरील अखेरची शर्यत २०२३ साली झाली. पडद्यावर मात्र ती घरबसल्या कोणालाही खेळता येते.

ह्या शर्यतींत दुसऱ्या महायुद्धातील पी-५१ मस्टँग हे लढाऊ विमान अनेकांचे आवडते. ते उडविण्यापूर्वी सज्ज करावे लागते, आणि खरी गंमत तेथेच आहे. पहिला विचार वजनाचा. मस्टँगच्या दोन्ही पंखांत इंधनाच्या टाक्या असतात; शिवाय वैमानिकाच्या पाठीमागे ८५ गॅलनांची आणखी एक टाकी असते. युद्धकाळात ती लांबच्या पल्ल्यासाठी बसविली गेली. भरली की सुमारे २३० किलो भार मागे जातो आणि विमानाचा तोल बिघडतो. वळणावर दांडा थोडा ओढला तरी नाक हवे त्याहून अधिक वर उचलले जाते. शर्यत तर काही मिनिटांची! म्हणून मागची टाकी रिकामी ठेवावयाची आणि पंखांतही गरजेपुरतेच इंधन घ्यावयाचे.

दुसरा विचार उष्णतेचा. मर्लिन इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत मोजतात. युद्धात उड्डाणाच्या वेळी ६१ इंच आणि आणीबाणीच्या प्रसंगी ६७ इंच ही मर्यादा असे. शर्यतीसाठी खास बांधलेली इंजिने १०० इंचांच्याही पलीकडे नेली जात. दाब वाढला की वेग वाढतो, पण उष्णताही वाढते. पोटाखालील शीतकाची झडप उघडावी तर हवेचा अडथळा वाढतो. मिटावी तर शीतकाचे तापमान १२१ अंशांच्या लाल रेघेकडे धावते. जाणता खेळाडू सरळ पट्ट्यात तापमानावर नजर ठेवून ह्या दोहोंमधील वाट शोधतो. घरच्या दांड्याचीही थोडी निगा लागते: मध्यभागी तो किंचित हलला तर विमानाने दाद देऊ नये, इतपतच ढिलाई ठेवावी, अधिक ठेवल्यास स्तंभाभोवतीचे वळण उशिरा सुरू होते.

हे सर्व गणित अस्सल आहे. परंतु पडद्यावरील विमान प्रत्येक वेळी कोरे करकरीत हाती येते, आणि अस्सल विमानाहून ते वेगळे पडते ते नेमके ह्याच ठिकाणी.

१६ सप्टेंबर २०११ रोजी रीनो येथे जिमी लीवर्ड ह्यांचे ‘गॅलपिंग घोस्ट’ हे मस्टँग शर्यतीत धावत होते. वेगासाठी त्याचे पंख आखूड केले होते. पोटाखालील शीतकाचा फुगवटाही काढून टाकला होता. शेपटीच्या एका लहानशा फळीचे स्क्रू धरून ठेवणाऱ्या नटांतील पकड झिजली होती. स्क्रू सैल झाले, फळी भयंकर वेगाने फडफडू लागली, तिचा सांधा तुटला आणि विमानाचे नाक एकाएकी वर उसळले. त्या क्षणी शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे १७ पट भार आला. वैमानिक शुद्ध हरपल्यावर काय करणार? विमान प्रेक्षकांच्या जागेजवळ कोसळले. लीवर्ड आणि १० प्रेक्षक मृत्युमुखी पडले, साठांहून अधिक जखमी झाले. विमानात केलेल्या मोठ्या फेरबदलांची पुरेशी नोंद नव्हती आणि पुरती चाचणीही झाली नव्हती, असे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले.

सिम्युलेटरमध्ये इंधन कमी करता येते, झडप मिटता येते, दाब वाढविता येतो. नट तपासण्याचे कलम मात्र तेथील यादीत नसते. खऱ्या कार्यशाळेत हा नट पुन्हा लावण्यापूर्वी बोटांनी फिरवून पाहतात. पान्यावाचून तो सहज शेवटपर्यंत गेला, तर त्याची पकड संपली असे समजून कारागीर तो टाकून देतो आणि नवा घेतो.